मालवण ते देवबाग, किनाऱ्याने चालत: दोघांसाठी एका दिवसाची आखणी

मालवणला आलेला माणूस तारकर्लीला रिक्षाने जातो, देवबागला गाडीने जातो आणि समुद्र बघतो तो गाडीतून उतरल्यावर. मालवणच्या जेटीपासून दांडी, वायरी, तारकर्ली करत थेट देवबागच्या संगमापर्यंत वाळूवरून चालत जाता येतं, हे फार थोड्यांच्या डोक्यात येतं. अंतर साधारण अकरा-बारा किलोमीटर. चढ नाही, घाट नाही, रस्ता चुकण्याचा प्रश्नच नाही, कारण समुद्र सतत उजव्या हाताला असतो. तरीही ही चाल फसते. ती फसते वेळेमुळे. चुकीच्या दिवशी निघालात तर पायाखाली फक्त भुसभुशीत वाळूचा तुकडा उरतो, दोन किलोमीटरात पोटऱ्या भरून येतात आणि अकरा वाजता दोघंही गप्प होऊन रस्त्याला लागतात. योग्य दिवशी निघालात तर तोच किनारा ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा होतो. म्हणून आखणीची सुरुवात हॉटेलच्या बुकिंगपासून करू नका, तिथीपासून करा.

दिवस ठरवणं: तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना तोंडी हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंधरवडा शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनला पाणी पूर्ण चढलेलं. तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. दुपारी साडेतीनच्या आत पुन्हा भरती. भरती रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते, पाऊण तास त्याच्या जवळ जातो, म्हणून हा हिशेब चालतो. तो अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि आदल्या संध्याकाळी मालवण बंदराचं भरतीचं वेळापत्रक किंवा जेटीवरच्या एखाद्या होडीवाल्याला विचारून पक्कं करा.

आता हाच हिशेब आपल्या कामाला लावू. आपल्याला सकाळी सातपासून दहापर्यंत उतरलेलं पाणी हवंय, दुपारी चढलेलं चालेल कारण तेव्हा आपण जेवून आडवे झालेले असू, आणि संध्याकाळी ते परत उतरायला लागलेलं हवंय. हे तिन्ही जुळतं ते द्वितीया, तृतीया आणि चतुर्थीला. तृतीया मला सगळ्यात आवडते: सकाळी साडेआठला तळ गाठलेली ओहोटी, दुपारी अडीच-पावणेतीनला भरती, आणि साडेचारला तुम्ही उठता तेव्हा पाणी मागे सरायला लागलेलं. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण एक-दोन दिवस रेंगाळतं, त्यामुळे या तिथींना ओहोटीचा पट्टाही रुंद मिळतो. खुद्द पौर्णिमेला मात्र निघू नका. चांदणं कितीही सुरेख असो, सकाळी सव्वाअकराला उधाणाची भरती असते आणि तुमच्या सकाळच्या चालण्याच्या अख्ख्या वेळात पाणी तुम्हाला वर ढकलत राहतं. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, चढउतार थोडा, पण ओहोटी नेमकी भर दुपारी.

एक गोष्ट सोबत्याला आधीच विचारा. कृष्ण चतुर्थी म्हणजे संकष्टी. सोबती उपास करणारा असेल तर चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी वाळूतून बारा किलोमीटर चालवू नका, तृतीयेलाच निघा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून वाळू नऊ वाजताच तापते. पावसाळ्यात हा विचारही नको: समुद्र किनारा खात असतो आणि मासेमारीसुद्धा बंद असते. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. तारकर्लीला वॉटरस्पोर्ट्सच्या बोटी आणि दोर किनाऱ्यावर इतके पसरलेले असतात की सरळ चालताच येत नाही.

कोणासोबत

दोघांनी जावं असं मी म्हणतो, ते विचार करून. सहाजणांचा घोळका निघाला की दोघं पुढे पळतात, दोघं फोटो काढत मागे राहतात आणि उरलेले दोघं कोणाची वाट बघावी या विवंचनेत. एकट्यानेही जाऊ नका, कारण वायरीच्या पुढे सकाळच्या वेळी बराच किनारा निर्मनुष्य असतो आणि पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणी तरी हवं.

सोबत्याचं वय आड येत नाही. माझी मोठी ताई साठीच्या पुढची आहे आणि किनाऱ्यावर माझ्यापेक्षा चिवट चालते; मात्र ती शंख बघायला थांबते. म्हणून आमच्यात ठरलेलं आहे: चाल तिची, घड्याळ माझं. तुमच्यातही असं काही निघण्याआधी बोलून घ्या. वेग हळू चालणाऱ्याचा असेल, हे वेगाने चालणाऱ्याने मोठ्याने कबूल केलेलं बरं. ओल्या वाळूवर तासाला साडेतीन किलोमीटर पुष्कळ झाले. गुडघ्याचा किंवा साखरेचा त्रास असेल तर तो लपवायचा नाही. तारकर्लीला थांबून तिथूनच परत फिरायची मुभा दोघांनाही असावी आणि तसं झालं तर दुसऱ्याने तोंड पाडायचं नाही. अर्धी चालसुद्धा पूर्ण दिवसाचा आनंद देते.

पिशवीत काय

जितकं कमी तितकं बरं. प्रत्येकी दोन लिटर पाणी. तारकर्लीला भरून घेता येतं. रुंद काठाची टोपी, कारण संध्याकाळी ऊन समोरून-उजवीकडून थेट तोंडावर येतं. जुना सुती पंचा एक, ज्याने पायही पुसता येतात आणि मानही झाकता येते. चिकटपट्टी, छोटी कात्री, आयोडीनचं मलम. मोबाइलला झिपची पिशवी. लिंबू आणि मीठ-साखरेची पुडी. आणि बाजारातून घेतलेलं मालवणी खाजं, पावशेर: बेसनाच्या शेवेवर गूळ-आल्याचा पाक, उन्हात बिघडत नाही, गोडही आहे आणि तिखटही. बिस्किटांपेक्षा ते कितीतरी कामाचं.

पायात पट्ट्याच्या सँडल. बुटात वाळू आणि पाणी शिरलं की तासाभरात फोड येतात. रबरी चपला ओल्या वाळूत मागे राहतात. अनवाणी चालायला सगळ्यांना आवडतं, आणि घट्ट वाळूवर खुशाल चाला, पण कोळीवाड्यांजवळ सँडल घाला. का, ते पुढे येईलच.

पहिला टप्पा: जेटी ते दांडी

उजाडता उजाडता जेटीवर या. डिसेंबर-जानेवारीत सात वाजता सूर्य वर येतो, तोही गावामागून, त्यामुळे किनारा बराच वेळ माडांच्या सावलीत असतो. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी चालण्याचं हे मोठं सुख: समुद्र उजळलेला आणि आपण सावलीत. वारा या वेळी मतलई, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणून पाणीही सपाट असतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो तो वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला चालणाऱ्याच्या पाठीत. उत्तरेकडून दक्षिणेला जा, उलट नको, असं मी सांगतो ते यासाठीच.

समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. तो या दिवसात कोंबायचा मोह आवरा. किल्ल्यावर शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेत, खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्या.

जेटीवरून डावीकडे वळून होड्यांच्या मधून दांडीच्या किनाऱ्यावर उतरा. इथे थांबायचं ते मोरयाच्या धोंड्यापाशी. खडकावर गणपती, चंद्र-सूर्य आणि शिवलिंग कोरलेलं आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी करताना, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, महाराजांनी पूजा केली ती इथे. किल्ला पाण्यात आहे, पण त्याचा संकल्प या धोंड्यावर झाला. लोक आजही इथे फूल वाहतात. धोंड्यावर चप्पल घालून चढू नका.

समोर पद्मगडाचं छोटं बेट दिसेल. पूर्ण ओहोटीला दांडीवरून पाण्यातून तिथे चालत जाता येतं आणि पाणी घोट्याएवढं दिसलं की जावंसं वाटतंच. स्थानिक माणूस सोबत असेल तरच जा. परतताना पाणी चढायला लागलेलं असतं आणि ते कुठून चढतं हे नवख्याला कळत नाही. आजच्या दिवशी तर नकोच. घड्याळाचा हिशेब बिघडतो.

दुसरा टप्पा: दांडी ते वायरी, आणि रापण

नशीब असेल तर या टप्प्यात रापण ओढताना दिसेल. दिसली तर अर्धा तास तिच्यासाठी द्या; या अख्ख्या वाटेवर बघण्यासारखं याहून मोठं काही नाही.

जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी उरलेलं जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा वळसा घेते आणि दुसरं टोक दूरवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात. बाप्ये, बायका, म्हातारे, सगळे. दोर कमरेला टेकवून मागे मागे चालत ओढायचा. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडतो आणि पुढे पाण्याजवळ जाऊन पुन्हा धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. जाळ्याचा खोल भाग उथळ पाण्यात आला की पाणी खदखदायला लागतं: तारली, पेडवे, बांगडे, मधूनच एखादी मोरी. घारी आणि कावळे आधीच हजर असतात. नंतर वाळूवरच वाटे पडतात आणि दोर ओढायला हात लावलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळतं. हल्ली मासा कमी आणि माणसंही कमी, त्यामुळे रापण पूर्वीसारखी रोज दिसत नाही. यांत्रिक बोटींपुढे टिकून राहिलेली ही पद्धत आहे आणि तिच्याशी अदबीने वागावं.

अदब म्हणजे काय, तर ताणलेला दोर ओलांडायचा नाही. माणसांच्या मागून, वरच्या वाळूतून वळसा घालायचा. हात लावायची इच्छा असेल तर विचारायचं. नाही कोणी म्हणत नाही. फोटो विचारून. आम्ही एकदा असंच थांबलो होतो, तेव्हा दोर धरलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "खंय चललात?" देवबागला, म्हटल्यावर म्हणाला, "चलत? मगे धा वाजेसर तारकर्ली गाठा." वेळेचा तो सल्ला आजही जसाच्या तसा लागू आहे.

आता सँडलचं कारण. जाळ्यात आलेले नको असलेले मासे वाळूतच पडतात. त्यात शिंगाळ्याची पिल्लं असतात. पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांशी सुईसारखे ताठ, विषारी काटे. वाळूत अर्धं गाडलेलं पिल्लू दिसत नाही. काटा लागलाच तर काढून जखम धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवा, त्याने कळ कमी होते, आणि काटा आत मोडला असेल तर मालवणला डॉक्टरकडे परत फिरा. गुडघाभर पाण्यातून चालायचंच असेल तर पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत न्या. वाळूत बसलेलं पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, हालचालीने सरकून जातं. किनाऱ्याला लागलेल्या जेलीफिशला, ती मेलेली दिसत असली तरी, हात लावायचा नाही.

तिसरा टप्पा: वायरी ते तारकर्ली

इथून सलग चाल आहे आणि इथेच पायांची युक्ती कामाला येते. पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, जिथे पाऊल टाकल्यावर ठसा उथळ उमटतो आणि वाळू क्षणभर पांढरी पडते, तो पट्टा धरा. त्याच्या वर वाळू कोरडी, खाली पाणथळ. पण किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे दक्षिणेला जाताना उजवा पाय सतत खाली पडतो आणि तासाभराने डावा गुडघा किंवा उजवी कंबर कुरकुरायला लागते. उपाय सोपा: दर अर्ध्या तासाने पाचेक मिनिटं वर, मर्यादवेलीच्या कडेने सपाटीवर चाला. ही जांभळ्या फुलांची वेल वाळूला धरून ठेवते, म्हणून ती तुडवायची नाही, कडेनेच जायचं. सुरूच्या बनात दहा मिनिटं टेकलात तर आणखी उत्तम.

बोलणं या टप्प्यात आपोआप कमी होतं. होऊ द्या. कुर्ल्यांच्या बिळांभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. आपण स्तब्ध राहिलो तर मिनिटाभरात त्या बाहेर येतात. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे पाण्याच्या कडेला बसलेले असतात. त्यांच्यातून धावत जाऊन त्यांना उडवायचा खेळ मुलांनाही करू देऊ नका, लांबचा प्रवास करून आलेली पाखरं आहेत ती. शंख उचलण्याआधी उलटा करून बघा, आत खेकडा राहत असतो. हा सगळा परिसर सागरी अभयारण्याच्या शेजारचा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, ते इथल्या प्रवाळांमुळे आणि समुद्रजीवांमुळे. बघून तिथेच ठेवलेला शंख चांगला.

आणि पोहण्याबद्दल, न लपवता. २०१७ च्या एप्रिलमध्ये वायरीच्या याच किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या आठ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. हा समुद्र दिसतो सौम्य. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जातं, आणि ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत आणि पोहायला बरी वाटते. घोट्यापर्यंत पाय भिजवा, गुडघ्याच्या वर नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे थेट झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडा, मग आत वळा. सोबती ओढला गेला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. ओरडा, माणसं जमवा, तरंगणारं काहीही त्याच्याकडे फेका: रिकामी बाटली, डबा, दोर. जवळ होडीवाले असतात आणि त्यांना हे पाणी कळतं.

दुपार

दहा-साडेदहाला तारकर्ली. घरगुती खानावळीत जेवायचं असेल तर सकाळी निघतानाच फोन करून दोन ताटं सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर दीड तास वाट बघावी लागते. मासे ताजे असतात आणि भूक लागलेली असते, तरी हात आखडता ठेवा. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी इतकंच घ्या. वडे-सागुती रात्रीसाठी राखा, नाहीतर साडेचारला उठवत नाही. जेवणानंतर माडाखाली खरंच झोपा. पाय धुऊन, वाळू पूर्ण पुसून, बोटांच्या मध्ये लाल झालंय का ते बघून घ्या. फोड यायच्या आधी चिकटपट्टी लावायची असते, आल्यावर नाही.

शेवटचा टप्पा: तारकर्ली ते देवबाग

सव्वाचार-साडेचारला निघा. पाच किलोमीटर, दीड तास, आणि जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये घरं, माड, एकच रस्ता. समुद्र ही पट्टी कुरतडत असतो म्हणून जागोजागी दगडांचे बंधारे घातले आहेत. पाणी बंधाऱ्याला लागलेलं असेल तर दगडांवरून उड्या मारत जाऊ नका. शेवाळ असतं, दगड हलतात आणि दोन दगडांमध्ये पाय अडकला तर निघत नाही. सरळ आत शिरून रस्त्याने तेवढा भाग पार करा. कोणाच्या अंगणातून वाट असेल तर विचारून. काही ठिकाणी पाच-दहा मिनिटांत तुम्ही समुद्रावरून खाडीवर पोहोचता: इकडे लाटांचा आवाज, तिकडे आरशासारखं पाणी आणि बांधलेल्या होड्या. थकवा आला असेल तर उरलेली वाट खाडीच्या बाजूने करा, सावली असते.

टोकाला संगम. पलीकडे भोगव्याचा डोंगर आणि किनारा. संगमावर पाण्यात उतरायचं नाही, आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. ओहोटी लागलेली असते, म्हणजे खाडीचं भरलेलं पाणी आणि नदीचा प्रवाह दोन्ही त्या अरुंद तोंडातून एकदम समुद्राकडे धावत असतात. त्यात वाळूचा तळ रोज बदलतो. काल कंबरेएवढं होतं म्हणून आजही तेवढंच असेल असं नाही. दांड्यावरच्या कोरड्या वाळूवर बसा आणि तिथून बघा.

परतीचं आधी ठरवा

अंधार पडल्यावर देवबागच्या टोकाला रिक्षा शोधणं कठीण. सकाळीच मालवण एसटी स्टँडवर देवबागहून परतणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या, आणि ती चुकली तर म्हणून एका रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, भाडं बोलून. दुसऱ्या दिवशीचा बेत किल्ल्याचा असेल तर सकाळच्या पहिल्या होड्यांतली एखादी धरा. तटाच्या पायऱ्या चढताना पोटऱ्या बोलतीलच, पण ऊन चढायच्या आत तट फिरून होतो.